वीस लाख डॉलरचा पत्ता

अमेरिकेतील हॅस्ब्रो या खेळणी बनवणाऱ्या कंपनीच्या 'विझार्ड्‌स ऑफ द कोस्ट' या शाखेने २३ जून २०२३ रोजी पत्त्यांचा एक नवा संच बाजारात आणला. 'मॅजिक : द गॅदरिंग' हा त्या खेळाचा बाणा. जे. आर. आर. टोल्किन या इंग्रज लेखकाच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीवर हा संच बेतलेला होता आणि त्यातील एका पत्त्याची साऱ्या पृथ्वीवर एकच प्रत छापण्यात आली होती. त्यावर '००१/००१' असा क्रमांक होता. तो कोणत्या पाकिटात आहे हे ग्राहकाला कळण्याचा मार्ग एकच होता : पाकीट विकत घेऊन फोडणे. पत्ता सापडण्यापूर्वीच त्यावर बोली लागल्या. स्पेनमधील एका दुकानाने वीस लाख युरो देऊ केले. अखेर कॅनडातील एका ग्राहकाच्या हाती तो लागला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये पोस्ट मलोन या अमेरिकन गायकाने तो सुमारे वीस लाख डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे सोळा कोटी रुपयांना विकत घेतल्याचे जाहीर झाले.

श्रीमंतांच्या छांदिष्टपणाची ही आणखी एक वार्ता म्हणून ती वाचून सोडून देणे सोपे आहे. परंतु ज्या गायकाने पत्ता घेतला त्याच्यापेक्षा, ज्यांनी तो मिळावा म्हणून पाकिटे घेतली आणि ज्यांना तो मिळाला नाही, त्यांच्याकडे पाहिले तरच या व्यवहाराचा अर्थ लागतो. हा पत्ता 'कलेक्टर बूस्टर' नावाच्या महाग पाकिटांतच, आणि तोही केवळ इंग्रजी आवृत्तीत ठेवण्यात आला होता. तो मिळण्याची शक्यता ०.००००३ टक्क्यांहून कमी असल्याचे कंपनीनेच सांगितले होते. याचा सरळ हिशेब असा, की तेहतीस लाखांहून अधिक पाकिटांत एक. एखाद्याने रोज एक पाकीट फोडायचे ठरवले तर नऊ हजार वर्षे पुरतील. या एका पत्त्याच्या खाली पायऱ्यापायऱ्यांनी दुसरी बक्षिसे मांडलेली होती. 'सोल रिंग' नावाच्या पत्त्याच्या क्रमांकित प्रती तीन प्रकारच्या होत्या : एका प्रकारच्या ३००, दुसऱ्याच्या ७००, तिसऱ्याच्या ९००. मोठे बक्षीस सापडल्यावर विक्री थंडावू नये म्हणून लहान बक्षिसांची ही उतरंड असते. लॉटरीच्या तिकिटामागे छापलेल्या बक्षिसांच्या यादीशी तिचे साम्य योगायोगाने आलेले नाही.

आता त्या पत्त्याचा उपयोग पाहावा. याच संचात त्याच नावाचा साधा पत्ताही होता. पटावर तो टाकला की नियमाप्रमाणे जे घडते तेच त्या एकमेव प्रतीनेही घडते. परिणामात काडीचाही फरक नाही. छपाई वेगळी असली तरी खेळातील कार्य सर्वस्वी तेच. उपयोगमूल्य समान आणि विनिमयमूल्यांत आकाशपाताळाचे अंतर, हे मार्क्सच्या 'भांडवल' ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणातील विवेचन शिकवताना कार्यकर्त्यांना आजवर कापड आणि कोटाचे उदाहरण घ्यावे लागे. अभ्यासवर्गात यापुढे हा पत्ता घ्यायला हरकत नाही. तरुण सभासदांना तो अधिक लवकर कळेल. वस्तूचे मोल जणू तिच्या अंगातूनच उगवते असा जो भास बाजार निर्माण करतो, तो येथे इतका उघडा पडला आहे की त्यावरचे आवरण काढण्याचेही काम उरलेले नाही.

या साध्या पत्त्याचे पुढे काय झाले तेही लक्षात घेण्याजोगे आहे. तो खेळात फार प्रभावी ठरला. 'मॉडर्न' या लोकप्रिय प्रकारात जिंकू पाहणाऱ्या कित्येक खेळाडूंना तो चार-चार प्रतींत घ्यावा लागला. १६ डिसेंबर २०२४ रोजी कंपनीने त्या प्रकारात त्यावर बंदी घातली. खेळाचा तोल राखण्यासाठी बंदी आवश्यक होती हे मान्य. पण पत्ता छापणारी कंपनी, तो विकणारी कंपनी आणि तो बाद ठरवणारी कंपनी एकच आहे. नोटा छापण्याचा आणि त्या रद्द करण्याचा अधिकार एका खाजगी भागधारक मंडळाकडे असावा, आणि रद्द नोटांची भरपाई कोणी मागू नये, अशी ही व्यवस्था आहे.

दुर्मिळतेचा हा उद्योग जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील सिगारेट कंपन्या पाकीट चुरगळू नये म्हणून आत पुठ्ठा घालीत. त्यावर चित्रे छापली की लोक माला पूर्ण करण्यासाठी तीच सिगारेट मागतात, हे त्यांच्या ध्यानात आले. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने काढलेल्या मालेतील होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचे चित्र २०२२ साली बहात्तर लाख पन्नास हजार डॉलरला विकले गेले. मात्र ते चित्र दुर्मिळ झाले ते छपाई थांबल्यामुळे. महाराष्ट्रातील मुलेही काडेपेटीचे छाप जमवीत, आणि एखादा छाप दहा साध्या छापांना जाई तो तसाच, योगायोगाने दुर्मिळ झालेला असे. आजच्या कंपनीने योगायोगावर विसंबणे सोडून दिले आहे. किती प्रती छापायच्या नाहीत याचा निर्णय आता छपाईपूर्वीच होतो.

'मॅजिक'च्या इतिहासात या निर्णयाची एक तारीखही सांगता येते. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने रचलेला हा खेळ १९९३ साली निघाला. पहिल्या आवृत्तीतील प्रत्येक दुर्मिळ पत्त्याच्या सुमारे ११०० प्रती छापल्या गेल्या होत्या. मागणी वाढली तेव्हा १९९५ साली कंपनीने काही जुने पत्ते पुन्हा छापले. त्यामुळे भाव पडले, साठेबाज संग्राहक संतापले, आणि १९९६ साली कंपनीने विशिष्ट पत्ते पुन्हा कधीही न छापण्याचे वचन दिले. पाचशेहून अधिक पत्त्यांची ती यादी आजही पाळली जाते. पुठ्ठ्याचा तुकडा छापण्याचा खर्च नगण्य, छापखाने उपलब्ध, खेळू इच्छिणारे लाखो; तरीही छापायचे नाही, कारण छापले तर ज्यांच्या तिजोरीत तो आहे त्यांचे नुकसान होईल. त्याच पहिल्या आवृत्तीतील 'ब्लॅक लोटस' या पत्त्याची एक प्रत २०२४ मध्ये तीस लाख डॉलरला गेली. २०२२ साली कंपनीने याच जुन्या पत्त्यांच्या नव्या प्रती काढल्या, परंतु पाठीमागची छपाई वेगळी ठेवून त्या अधिकृत स्पर्धांत बाद ठरवल्या, आणि अशा साठ पत्त्यांना ९९९ डॉलर घेतले. गरीब खेळाडूने घरी छापलेली नक्कल स्पर्धेत चालत नाही. कंपनीने छापलेली नक्कलही चालत नाही. फक्त ती हजार डॉलरला मिळते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात बँक ऑफ अमेरिकेच्या विश्लेषकाने हॅस्ब्रोच्या समभागांचे मानांकन उतरवले. त्याची तक्रार कंपनी ग्राहकांना लुबाडते अशी नव्हती. कंपनी फार पत्ते छापते, त्यामुळे जुन्या पत्त्यांचे मोल घसरते, अशी होती. शेतमालाचे भाव टिकावेत म्हणून मंदीच्या काळात धान्य जाळणाऱ्या व्यवस्थेचा हा खेळण्यांच्या दुकानातील अवतार समजावा.

या दुर्मिळतेभोवती आता प्रतवारीचा एक स्वतंत्र धंदा वाढला आहे. पत्त्याचे कोपरे, कडा, छपाईचा मध्य पाहून दहापैकी गुण द्यायचे आणि प्लॅस्टिकच्या हवाबंद चौकटीत तो कायमचा बंद करायचा, हे या धंद्याचे काम. तो एकमेव पत्ता दहापैकी नऊ गुणांचा ठरला. चौकटीत गेलेल्या पत्त्याने खेळता येत नाही, हे सांगायलाच हवे काय?

ज्यांच्या श्रमातून हे पत्ते निर्माण होतात त्यांच्या वाट्याला काय आले? जानेवारी २०२३ मध्ये हॅस्ब्रोने सुमारे एक हजार कामगार-कर्मचाऱ्यांना कमी करण्याची घोषणा केली. हे प्रमाण एकूण नोकरवर्गाच्या सुमारे पंधरा टक्के होते. त्यानंतर हा संच आला आणि तोवरच्या सर्व संचांत सर्वाधिक खपाचा ठरला. आणि डिसेंबर २०२३ मध्ये, नाताळ दोन आठवड्यांवर असताना, आणखी सुमारे ११०० जणांच्या कपातीची घोषणा झाली. न्यायाने हे सांगितले पाहिजे, की कंपनी त्या वर्षी एकंदरीत तोट्यात होती. साध्या खेळण्यांचा खप घसरला होता आणि चित्रपटनिर्मितीचा महागडा व्यवसाय विकत घेण्याचा डाव अंगाशी आला होता. पण तो डाव कामगारांनी खेळला नव्हता. पत्त्यांचा विभाग वाढीत असूनही कपातीची कुऱ्हाड त्या विभागातील लोकांवरही पडली, आणि भागधारकांना मात्र वर्षभरात प्रत्येक समभागामागे २.८० डॉलर लाभांश पोहोचला. टोल्किनच्या कथेचे चित्रपट, खेळ व व्यापारी वस्तूंसाठीचे हक्क ज्यांच्या हाती होते त्या एम्ब्रेसर या स्वीडिश समूहाने तर संच बाजारात येण्याच्या दहाच दिवस आधी, १३ जून २०२३ रोजी, 'पुनर्रचना' जाहीर केली, आणि तिच्यात शेकडो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. ज्या कथेत एका अंगठीचा लोभ माणसाला पोखरतो आणि म्हणून ती नष्ट करावी लागते, तिच्याच नावाने हा सारा व्यापार झाला, हे टोल्किनच्या वाचकांना निराळे सांगायला नको.

मालमत्तेच्या रक्षणाचा प्रश्न आला की हसरी खेळणी विकणारी कंपनी कोणता चेहरा धारण करते, तेही त्याच वर्षी दिसले. एप्रिल २०२३ मध्ये एका अमेरिकन खेळाडूला पुढच्या महिन्यात येणाऱ्या संचाची पाकिटे वेळेआधीच मिळाली आणि त्याने ती चित्रफितीत दाखवली. पत्ते परत घेण्यासाठी कंपनीने त्याच्या घरी पिंकर्टन संस्थेची माणसे पाठवली. कामगार चळवळीला हे नाव अपरिचित नाही. ६ जुलै १८९२ रोजी पेनसिल्वेनियातील होमस्टेड येथे कार्नेगीच्या पोलाद कारखान्याच्या संपकऱ्यांवर चालून आलेले सुमारे तीनशे हत्यारबंद लोक याच पिंकर्टनचे होते. हेन्री क्ले फ्रिकने त्यांना तराफ्यांवरून नदीमार्गे आणवले; गोळीबारात दोन्ही बाजूंची माणसे मेली, पुढे राज्याची फौज आली आणि संघटना मोडली. आज पिंकर्टन एका स्वीडिश सुरक्षा कंपनीच्या मालकीची आहे आणि तिची कामेही बदलली असतील. मालक मात्र तिला आजही बोलावतात.

हा जुगार आहे की नाही? अमेरिकेत पत्ते घेणाऱ्यांनी हा प्रश्न न्यायालयात नेला होता. २००२ साली नवव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने ठरवले, की हवा तो पत्ता न मिळाल्याची निराशा ही मालमत्तेची हानी ठरत नाही, त्यामुळे अशा ग्राहकांना त्या कायद्याखाली दाद मागता येत नाही. याउलट बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ साली संगणकीय खेळांतील काही बंद पेट्यांना जुगार ठरवले. १९९३ चे पहिले पत्ते ज्या टर्नहाउट गावी छापले गेले ते बेल्जियममध्येच आहे; पण पडद्यावरील पेटीला लावलेली ही कसोटी कागदी पाकिटाला लागलेली नाही.

मुंबईच्या गिरणगावाला हा भेद नवा नाही. मटका मुळात न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील उघडत्या आणि मिटत्या भावांवरील पैजेतून निघाला. बाजारात त्याच कापसावर लाखोंचा सट्टा खेळणारा शेठ व्यापारी म्हणवला जाई आणि त्याच भावावर चार आणे लावणारा गिरणी कामगार जुगारी ठरे. महाराष्ट्र शासनाने १९६९ साली स्वतःची लॉटरी सुरू केली तेव्हा समाजवाद्यांनी तिला आक्षेप घ्यावा अशी पुष्कळ कारणे होती. तरीही ते तिकीट स्वतःला तिकीट म्हणवते. पत्त्यांचे पाकीट स्वतःला खेळणे म्हणवते, आणि त्यावर तेरा वर्षांवरील मुलांसाठी असे छापलेले असते.

प्रकार वाढतच आहे. १३ जून २०२५ रोजी 'फायनल फँटसी' या जपानी संगणकीय खेळावरील संच आला. त्यात एका सोनेरी पक्ष्याच्या ७७ क्रमांकित प्रती लपवल्या होत्या, साध्या पाकिटाची छापील किंमत ६.९९ डॉलर आणि महाग पाकिटाची ३७.९९ डॉलर होती. टोल्किनच्या संचाला वीस कोटी डॉलरची विक्री गाठायला सहा महिने लागले होते. या संचाने ती एका दिवसात गाठल्याचे हॅस्ब्रोच्या प्रमुखांनी सांगितले.

यावर नाक मुरडून 'हा पोरखेळ' म्हणणारे कार्यकर्ते चूक करतील. खेळ चांगला आहे. त्यात बुद्धी लागते, समोर माणूस लागतो, आणि पडद्याला डोळे लावून एकटे बसलेल्या पिढीला तो एका टेबलाभोवती आणतो. खेळाडू आपसांत पत्ते उसने देतात, साध्या कागदावर नकला छापून घरी खेळतात, आणि कित्येकांना त्या क्रमांकित प्रतींशी काही कर्तव्य नसते. विरोध व्हायला हवा तो खेळाच्या पोटात बसवलेल्या सोडतीला.

भारतातही ही पाकिटे दुकानांत मिळतात. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली, पण तो कायदा कागदी पाकिटापर्यंत पोहोचत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मात्र विक्री वाढवण्यासाठी सोडत किंवा नशिबाचा खेळ चालवणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानलेली आहे. कलम २(४७) त्यासाठी वाचावे. हे कलम अशा पाकिटांना लागते की नाही, हा प्रश्न केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणापुढे नेण्याचे काम ग्राहक संघटनांना आणि पक्षाच्या युवक शाखांना आजही करता येईल. प्रत्येक पाकिटावर प्रत्येक दर्जाच्या पत्त्याची शक्यता ठळक अक्षरांत आणि स्थानिक भाषेत छापावी, खेळाला लागणारा प्रत्येक पत्ता सुटा आणि ठरलेल्या किमतीला मिळावा, आणि क्रमांकित बक्षिसे असलेली पाकिटे अठरा वर्षांखालील मुलांना विकली जाऊ नयेत, एवढ्या तीन मागण्यांचा अर्ज त्यासाठी पुरेसा आहे.