वाजवणाऱ्याचे नाव

लग्नसराई आली की जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील केदारखेड्यासारख्या गावीही बँडचे सूर घुमू लागतात. ट्रंपेट आणि क्लॅरिनेटवर एखादे जुने चित्रपटगीत लागते, ताशा कडाडतो आणि वऱ्हाडी मंडळी बेभान होऊन नाचू लागतात. अशा वेळी हमखास वाजणाऱ्या गाण्यांत 'अमर अकबर अँथनी' (१९७७) या चित्रपटातील अँथनी गोन्साल्विसचे गाणे असते. हे नाव कोट्यवधी लोकांच्या ओठांवर आहे. पण या नावाचा खराखुरा माणूस होऊन गेला, हे त्यांतील फारच थोड्यांना ठाऊक असेल.

अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ साली गोव्यातील माजोर्डा येथे झाला. वडील चर्चमधील गायकवृंदाचे शिक्षक असल्यामुळे स्वरलिपीचे संस्कार घरातच झाले. कोवळ्या वयात मुंबईस येऊन ते चित्रपटसृष्टीतील व्हायोलिनवादक व वाद्यवृंदाचे संयोजक म्हणून नावारूपाला आले. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन हे त्यांचे विद्यार्थी होत. हिंदुस्थानी रागांवर आधारलेल्या रचना पाश्चात्त्य पद्धतीच्या मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घ्याव्यात, हा त्यांचा ध्यास होता. १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात शंभरावर वादक जमवून त्यांनी तो प्रत्यक्षात आणला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. १९६५ मध्ये ते अमेरिकेत सिराक्यूज विद्यापीठात गेले. पुढे माजोर्ड्यास परतले आणि तेथेच, प्रसिद्धीपासून दूर, २०१२ साली निवर्तले. गुरूचे नाव गाण्यात गुंफून प्यारेलाल यांनी ऋण फेडले खरे. परंतु लोकांनी ते नाव पात्राचे समजून घेतले आणि माणूस विस्मृतीतच राहिला.

गोन्साल्विस हे या परंपरेतील एकटे नव्हेत. हळदोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ, ज्यांना 'चिक चॉकलेट' म्हणत, ते ट्रंपेट वाजवीत. पुणतांब्यात जन्मलेल्या रामचंद्र चितळकरांच्या, म्हणजेच सी. रामचंद्रांच्या, 'अलबेला'तील (१९५१) संगीताला जी झिंग चढली, तिच्यात वाझ यांचा वाटा मोठा होता. सेबॅस्टियन डिसूझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गीतांचे वाद्यसंयोजन दोन दशके सांभाळले. कावस लॉर्ड यांनी बोंगोसारखी वाद्ये मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत रुजविली. ज्या संगीतावर महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्या वाढल्या, त्याच्या घडणीत या मंडळींचा घाम आहे. मात्र श्रेयनामावलीत संगीतकाराचे नाव येई, क्वचित साहाय्यकाचे येई. वादकांच्या वाट्याला दिवसाचा मेहनताना आणि निनावीपण येई.

या कथेचे एक टोक आफ्रिकेत आहे. आपल्या ऑर्केस्ट्रातील वादक ज्याला 'कोंगो' म्हणतात ते वाद्य आणि त्याचा धाकटा भाऊ बोंगो ही दोन्ही क्यूबातील आफ्रिकी वंशाच्या लोकांची देणगी होय. गुलाम म्हणून साखळदंडांत नेलेल्या माणसांना बरोबर काहीही नेता आले नाही. त्यांनी ताल तेवढा स्मरणात नेला. तो क्यूबातून न्यूयॉर्कला गेला, तबकड्यांवरून मुंबईस आला आणि अखेर आपल्या वरातीत मिसळला. मराठवाड्याला तरी आफ्रिका परकी वाटू नये. गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर अॅबिसिनियातून आला आणि त्याने १६१० साली वसविलेल्या खडकीचे पुढे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर झाले. मलिक अंबराचे नाव इतिहासात राहिले ते त्याने राज्य चालविले म्हणून. ताल घेऊन आलेल्यांना बखरकार कोठून मिळणार?

आफ्रिकेतील सॉलोमन लिंडा यांची कहाणी या दृष्टीने डोळ्यांत अंजन घालणारी आहे. झुलू समाजातील या गायकाने १९३९ साली जोहान्सबर्ग येथे 'म्बुबे' नावाचे गीत ध्वनिमुद्रित केले. त्याच्या हक्कांबद्दल त्यांच्या हाती पडले ते अवघे दहा शिलिंग. त्याच सुरावटीचे रूपांतर होऊन १९६१ साली अमेरिकेत एक इंग्रजी गीत गाजले आणि १९९४ च्या 'द लायन किंग'मुळे ते जगभरच्या मुलांपर्यंत पोहोचले. लिंडा मात्र १९६२ मध्ये दारिद्र्यातच वारले. त्यांच्या थडग्यावर साधी शिळा बसविण्यास अठरा वर्षे लागली. वारसांना न्यायालयात धाव घ्यावी लागली आणि २००६ साली तडजोड होऊन त्यांना हिस्सा मिळाला.

याच्या उलट उदाहरण क्यूबाचे आहे. गोन्साल्विस यांच्याच वर्षी, १९२७ मध्ये, जन्मलेले गायक इब्राहिम फेरेर उतारवयात लोकांच्या बुटांना पॉलिश करून पोट भरीत होते. १९९६ साली हवाना येथे काही जुन्या कलावंतांना एकत्र आणून ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा कोणाला तरी त्यांची आठवण झाली. 'बुएना व्हिस्टा सोशल क्लब' या नावाने १९९७ मध्ये निघालेल्या त्या संग्रहाने जग जिंकले. २००० साली वयाच्या बहात्तरी-त्र्याहत्तरीत त्यांना लॅटिन ग्रॅमीचा 'सर्वोत्कृष्ट नवोदित कलावंत' हा पुरस्कार मिळाला. यात विनोद आहे, पण तो कलावंताचा नव्हे, समाजाचा आहे. फेरेर नवोदित नव्हते. आठवण ठेवणारे नवे होते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, संगीत हे सामूहिक काम आहे, मेहनताना दिला की व्यवहार संपला, आणि प्रत्येक वादकाचे नाव लावत बसणे शक्य नाही. हा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा असला तरी नावाचे मोल केवळ मानापुरते नसते, हे तो विसरतो. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली सुधारणा झाली, तेव्हा गीतकार व संगीतकारांच्या मानधनाच्या हक्काला बळकटी मिळाली आणि कलावंतांच्या हक्कांचाही विस्तार झाला. परंतु त्याच कायद्यात अशी तरतूद आहे की, चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक स्वरूपाचे आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत कोठेही येत नाही, त्याला एक मर्यादित अपवाद वगळता 'कलावंत' मानावयाचे नाही. म्हणजे ज्याचे नाव छापण्याची पद्धत नाही, त्याचा हक्कही डळमळीत! निनावीपणाला प्रथम रिवाजाने जन्म दिला आणि मग कायद्याने तो गृहीत धरला.

गावपातळीवर याचेच लहान रूप दिसते. वृद्ध कलावंतांना मानधन देण्याची राज्य शासनाची योजना आहे आणि ती स्तुत्य आहे. पण अर्जासोबत कलेचा पुरावा जोडावा लागतो. आयुष्यभर गोंधळात संबळ वाजविणाऱ्याने, तमाशात ढोलकी घुमविणाऱ्याने, जत्रेत हलगीवर थाप मारणाऱ्याने हा पुरावा कोठून आणावा? त्याचे नाव ना पत्रिकेवर छापले गेले, ना वर्तमानपत्रात आले. ज्याने हजारो लग्ने साजरी केली, त्याला आपण वादक आहोत हे कचेरीत सिद्ध करावे लागते, ही विटंबना नव्हे काय?

मुंबईच्या चित्रपटवादकांच्या मुलाखती घेऊन त्यांचा इतिहास ग्रंथरूपाने सिद्ध करणारे ग्रेगरी बूथ हे न्यूझीलंडमधील विद्यापीठाचे प्राध्यापक; त्यांचे पुस्तक २००८ साली निघाले. तोवर अनेक वादक काळाच्या पडद्याआड गेले होते. परक्या अभ्यासकाचे आभार मानावेत, पण आपल्या घरची नोंद ठेवण्यासाठी प्रत्येक वेळी समुद्रापलीकडून कोणी येईल, अशी वाट पाहणे शोभादायक नाही.

या कामाला फार मोठा पैसा लागत नाही. केदारखेडा असो वा कोणतेही गाव, तेथील शाळेच्या विद्यार्थ्यांनी एका सुट्टीत आपल्या पंचक्रोशीतील वादकांची नावे, वाद्ये, गुरू आणि साल यांची वही तयार करावी. शिक्षकांनी ती तपासावी. ग्रामपंचायतीने तिची प्रत दप्तरी ठेवावी. कार्यक्रम करणाऱ्यांनी पत्रिकेवर पाहुण्यांच्या लांबलचक यादीखाली वादकांसाठी दोन ओळी राखाव्यात. उद्या एखाद्या म्हाताऱ्या संबळवाल्याचा अर्ज कचेरीत गेला, तर ती वही आणि ती पत्रिका त्याचा पुरावा ठरेल. आणि अर्ज न करताच जो गेला असेल, त्याच्या नातवाला निदान आजोबांचे नाव एका पानावर वाचावयास मिळेल.