पाटीवर कायदा आहे, इतिहास कुठे आहे?

पुरातत्त्व खात्याचा निळा फलक आपण सगळ्यांनी पाहिला आहे. १९५८ च्या कायद्याने हे स्मारक संरक्षित आहे, नासधूस करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होतील, एवढे त्यावर असते. वास्तू मोडणाऱ्याचे काय होईल ते सरकार सांगते. ती बांधली कोणी, ते या फलकावर नसते. तिकीट लावलेल्या मोठ्या ठिकाणी माहितीचा वेगळा दगड असतो. आडवाटेच्या कबरी, बारवा, मशिदी यांच्या नशिबी बहुधा फक्त दंडाची रक्कम.

जिथे पाटी बोलत नाही तिथे ऐकीव गोष्टी बोलू लागतात. नगरजवळ डोंगरावर तीन मजली अष्टकोनी इमारत आहे. शाळांच्या सहली तिथे जातात, कारण सगळे तिला ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात. तो महाल नाही आणि चांदबिबीचाही नाही. मूर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची ती कबर आहे. चांदबिबीने १५९५-९६ च्या वेढ्यात अकबराच्या फौजेपासून वाचवला तो नगरचा भुईकोट किल्ला. शौर्य किल्ल्यात झाले, कौतुक डोंगरावर होते, आणि बिचाऱ्या वजिराला स्वतःच्या कबरीवरही नाव उरले नाही.

त्याच किल्ल्यात १९४२ नंतर नेहरू आणि मौलाना आझाद कैदेत होते. नेहरूंचे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तिथले, हे पुष्कळांना ठाऊक असते. मौलानांच्या ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रेही तिथलीच. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. उर्दू गद्याचे हे शिखर दिल्लीत नव्हे, मराठी मुलखातल्या एका कोठडीत उभे राहिले, हे सांगितले की दोन्ही वर्गांतली मुले सारखीच चकित होतात. त्यांनी चकित व्हावे, याचीच मला चीड येते.

नगरपासून जवळ भातोडी, म्हणजे इतिहासातली भातवडी. १६२४ मध्ये मलिक अंबरने इथे मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्र फौजेला धूळ चारली. शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी इथेच पडले. हबशी सेनापती, मराठा सरदार, निजामशाही निशाण आणि समोर मोगल. आता सांगा, हा इतिहास ‘त्यांचा’ की ‘आमचा’? ज्यांना दोनच रंगांत इतिहास रंगवायचा आहे, त्यांना ही लढाई न सांगितलेलीच बरी वाटणार.

२०२५ मध्ये औरंगजेबाची कबर उखडा म्हणून राज्यभर आरडाओरड झाली. ती कबर खुलताबादला. ज्याने अर्धे आयुष्य मोगलांशी झुंजण्यात घालवले, तो मलिक अंबरही त्याच खुलताबादेत दफन आहे. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तिला नहरींनी पाणी आणले. खडकीची औरंगाबाद झाली, औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. नावासाठी मोर्चे निघाले, शहर वसवणाऱ्याचा उल्लेख दोन्हीकडच्या घोषणांत नव्हता.

आणि आपण? दोष सगळा सरकारच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. औरंगजेबाचा फोटो स्टेटसला लावणाऱ्या आपल्या पोरांना अंबरची कबर कुठे आहे ते विचारा. उरुसाच्या कमानीसाठी वर्गणी जमते, त्या कमानीवर नेत्यांचे चेहरे झळकतात. आत दर्ग्याच्या भिंतीवरच्या फारसी ओळींचा मराठी अर्थ लिहून लावायला मात्र कोणाला सवड नाही. बीबी का मकबऱ्याच्या दारावर अताउल्ला आणि हंसपतराय अशी दोन नावे कोरलेली आहेत, पहिला शिल्पकार, दुसरा अभियंता. गंगा-जमनी संस्कृतीवर तासभर भाषण करणाऱ्यांनी ती दोन नावे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून दाराशी लावली, तर भाषणाची गरज उरणार नाही.

‘पाटीवर एवढे मावणार कसे?’ असे विचारतात. हे घ्या: “ही सलाबतखानाची कबर आहे. तो मूर्तजा निजामशहाचा वजीर होता. लोक हिला चांदबिबीचा महाल म्हणतात. चांदबिबी लढली तो किल्ला नगर शहरात आहे.” चार वाक्ये. मराठीत, खाली उर्दूत. दंडाच्या मजकुराला यापेक्षा जास्त जागा लागते.

‘तुम्ही बाहेरचे’ असे कोणी आपल्या मुलाला म्हटले, तर तो वाद घालायला पुस्तके घेऊन फिरत नाही. पण रस्त्यावरची पाटी तो रोज वाचतो, आणि हिणवणाराही तीच वाचतो. म्हणून पुरातत्त्व खात्याकडे, जिल्हा परिषदेकडे, ग्रामपंचायतीकडे आणि आपल्याच मशीद-दर्ग्यांच्या विश्वस्तांकडे मागणी एकच: दंडाची रक्कम राहू द्या, तिच्याखाली बांधणाऱ्याचे नाव लिहा.