मिरगाच्या आत अर्थिंग पाहून घ्या

तीन आठवड्यांत मृग लागेल. गावोगावी पत्र्याच्या भोकांना डांबर लावणं, कौलं चाळणं, जळण आत घेणं सुरू झालंय. ज्यांच्या घरातच वर्कशॉप आहे, त्यांनी या कामांत आणखी एक काम धरावं, एवढ्यासाठी हे लिहितो आहे. पहिला पाऊस पडायच्या आत आपल्या शेडमधली वीज तपासून घ्या. अर्थिंग मोजून घ्या आणि आरसीसीबी बसवून घ्या. लोक त्याला अजून ईएलसीबी म्हणतात. नाव काहीही म्हणा, पण बसवा.

मी कोल्हापूरकडचा. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या पोरांना शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली. आमच्या भागात उद्यमनगरातल्या कारखान्यात दहा-बारा वर्षं काम केलेला माणूस पुढे परसात पत्र्याची शेड मारतो, एक जुना लेथ घेतो, ड्रिल घेतो आणि स्वतःचं काम सुरू करतो. इचलकरंजीत घराच्या पुढच्या सोप्यात माग चालतात. गावात रस्त्याकडेच्या खोलीत टू-व्हीलरचं गॅरेज असतं, मागे स्वयंपाकघर. मोटार रिवाइंडिंग, फॅब्रिकेशन, सुतारकाम, मसाल्याचा डंका, पिठाची गिरणी, सगळं घराच्या एका भिंतीपलीकडे. या लोकांबद्दल मला फार आदर आहे. त्यांनी कुणाकडे नोकरी मागितली नाही, उलट दोघा-चौघांना कामाला लावलं.

पण या शेडमध्ये मशिन आधी येतं आणि वीज मागून. मशिनसाठी कर्ज काढलेलं असतं, हप्ता सुरू झालेला असतो, पहिली ऑर्डर हातात असते. मग घरातल्या बोर्डावरून एक वायर ओढली जाते, खिडकीतून शेडमध्ये येते, एक्स्टेंशन बोर्ड लोखंडी टेबलाला बांधला जातो. तेवढ्यापुरतं. हा शब्द मी आयुष्यात शेकडो वेळा ऐकला. "सर, तेवढ्यापुरतं चालतंय की."

माझा एक विद्यार्थी होता. वर्गात हुशार, हाताला सफाई. पास झाल्यावर त्यानं घरामागं शेड टाकली. पिलर ड्रिल घेतलं. ड्रिलचा मूळचा थ्री-पिन टॉप त्याच्या एक्स्टेंशन बोर्डात बसत नव्हता, म्हणून त्यानं टू-पिन टॉप लावला. अर्थची हिरवी वायर कापून, टेप गुंडाळून बाजूला दुमडून ठेवली. उन्हाळाभर काही झालं नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्रभर पाऊस झाला, शेडच्या कोबावर ओल आली. सकाळी त्यानं चालू मशिनच्या खांबाला डावा हात लावला. वडील धावले, त्यांनी त्याला धरलं, त्यांनाही झटका बसला आणि ते मागे फेकले गेले. ते वाचले. मुलगा सव्वीस वर्षांचा होता. अर्थिंगचा धडा त्याला मीच शिकवला होता, आणि परीक्षेत त्यानं त्याचं उत्तर बरोबर लिहिलं होतं.

तेव्हापासून मी हे सगळीकडे सांगत फिरतो. आता लिहूनही सांगतो.

आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची. कोरड्या, घट्टे पडलेल्या हाताचा रोध बराच असतो, पण अंग घामानं भिजलेलं आणि पाय ओल्या फरशीवर असले की शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास येतो. २३० भागिले १०००, म्हणजे २३० मिलिअँपिअर. याच्या निम्म्यापेक्षा कमी करंट छातीतून गेला तरी हृदयाचा ताल बिघडू शकतो. साधा दहा वॉटचा बल्ब साधारण ४३ मिलिअँपिअर घेतो. इतक्या थोड्या विजेत माणूस जातो.

लोकांचा भरवसा एमसीबीवर असतो. "एमसीबी आहे ना, पडेल की." एमसीबी माणसासाठी नाही, वायरसाठी आहे. १६ अँपिअरच्या एमसीबीला २३० मिलिअँपिअर म्हणजे काहीच नाही. माणूस चिकटून राहील आणि एमसीबी जागचा हलणार नाही.

मग अर्थिंग आहे ना? इथंच बहुतेक जण फसतात, म्हणून जरा सावकाश सांगतो. समजा तुमच्या अर्थिंगचा रोध २० ओहम आहे. मुरमाड जमिनीत, कातळावर, दहा वर्षं कुणी न पाहिलेल्या खड्ड्यात एवढा रोध सहज असतो. मशिनच्या बॉडीत फेज उतरली, तर जमिनीत जाणारा करंट जास्तीत जास्त साडेअकरा अँपिअर. १६ चा एमसीबी यानं पडत नाही. मशिन चालूच राहतं, बॉडीवर जीवघेणा दाब तसाच राहतो आणि मालकाला वाटतं, आपलं अर्थिंग केलेलं आहे. अगदी ५ ओहमचं चांगलं अर्थिंग असलं तरी करंट ४६ अँपिअरच्या वर जात नाही. एमसीबी पडेल, पण लगेच नाही, काही सेकंदांनी. ते सेकंद फार महाग आहेत.

आरसीसीबी वेगळ्या रीतीनं चालतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तितकाच परत येतो का, एवढंच तो पाहतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढी वीज दुसऱ्या कुठल्यातरी वाटेनं, कदाचित एखाद्याच्या अंगातून जमिनीत जाते आहे, की तो सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत वीज तोडतो. गळती मोठी असेल तर ४० मिलिसेकंदांत. वरच्या हिशोबातले साडेअकरा अँपिअर त्याच्यासाठी प्रचंड आहेत. अर्थिंग जोडलेलं असेल, तर बॉडीत फेज उतरताच तो पडतो, कुणाचा हात लागायच्या आधी. अर्थिंग नसेल, तर हात लागल्यावर पडतो. म्हणून दोन्ही हवेत. त्याची क्षमता मेन स्विचच्या मानानं घ्या, पण गळतीचा आकडा ३० मिलिअँपिअरच पाहा. थ्री-फेज असेल तर चार पोलचा लागेल. सिंगल-फेज शेडसाठी आरसीसीबीचा खर्च एखाद्या चांगल्या ड्रिल मशिनपेक्षा कमीच येतो. आणि आरसीसीबी लावला म्हणून एमसीबी काढायचा नाही, कारण जादा भार आणि शॉर्ट सर्किट हे आरसीसीबीचं काम नव्हे.

पावसाळ्यात आरसीसीबीबद्दल एक तक्रार घरोघरी ऐकू येते: "तो सारखा पडतोय, काम होईना." मग वायरमन येतो, त्याला बायपास करून जातो आणि सगळे खूश. माझी हात जोडून विनंती आहे, असं करू नका. तो पडतो आहे कारण कुठंतरी गळती आहे. मोटारीच्या वाइंडिंगला ओल लागली असेल, शेडबाहेरच्या सांध्यात पाणी शिरलं असेल, पाण्याच्या पंपाची केबल सोलली असेल. एकेक मशिन काढून पाहा, ज्याच्यानं पडतो ते रिवाइंडिंगवाल्याकडे मेगर लावायला न्या. इन्सुलेशन एक मेगओहमच्या खाली असेल, तर वाळवून वार्निश केल्याशिवाय ते मशिन लावू नका. आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबा. दाबल्यावर पडला नाही, तर तो मेलेला आहे, बदला.

अर्थिंगबद्दल आणखी दोन गोष्टी. अर्थिंग चांगलं आहे हे दाखवायला वायरमन फेज आणि अर्थच्या मध्ये बल्ब लावून दाखवतो. बल्ब झगझगीत पेटतो आणि मालक समाधानानं पैसे देतो. शंभर वॉटचा बल्ब अर्धा अँपिअरही घेत नाही. ५० ओहमच्या भिकार अर्थिंगवरही तो तसाच पेटेल. अर्थिंग बल्बनं कळत नाही, अर्थ टेस्टरनं मोजावं लागतं. आणि मोजायचं आत्ता. मे महिन्यात जमीन सर्वांत कोरडी असते, त्यामुळे वर्षातला सर्वांत वाईट आकडा आत्ता मिळतो. आत्ता तो चांगला आला, तर पुढे काळजी नाही. आकडा कागदावर तारखेसह लिहून मेन बोर्डाच्या झाकणात चिकटवा. नवा खड्डा घेणार असाल तर आयएस ३०४३ प्रमाणे घ्या. जीआय पाइप किमान ३८ मिलिमीटर आतल्या व्यासाचा आणि अडीच मीटर लांब हवा. हातभर सळई ठोकून वर वायर गुंडाळली, तर ते अर्थिंग होत नाही.

दुसरी गोष्ट मी स्वतः कितीतरी ठिकाणी पाहिली आहे आणि दर वेळी माझ्या पोटात गोळा आला आहे. अर्थचा खड्डा घ्यायचा कंटाळा, म्हणून सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थचं टर्मिनल छोट्या वायरनं जोडतात. टेस्टर लावला तर सगळं ठीक दिसतं. मग पावसापाण्यात खांबावरची न्यूट्रल तुटते आणि त्या क्षणी शेडमधल्या प्रत्येक मशिनची बॉडी, प्रत्येक लोखंडी टेबल फेज होऊन बसतं. तुमच्या सॉकेटमध्ये अशी वायर आहे का, हे परवानाधारक ठेकेदाराकडून उघडून पाहून घ्या. स्वतः उघडू नका.

तिसऱ्या पिनबद्दल एक खुलासा. हातातल्या काही ड्रिलला, ग्राइंडरला मुळातच दोन पिना असतात. त्यांच्या पट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल, तर त्यांना दुहेरी इन्सुलेशन आहे आणि दोन पिना योग्य आहेत. पण पिलर ड्रिल, बेंच ग्राइंडर, वेल्डिंग सेट, कॉम्प्रेसर, लेथ, गिरणी, म्हणजे ज्याचं अंग लोखंडाचं आणि जे जागेवर बसवलेलं आहे, त्याची अर्थ वायर कधीही कापायची नाही.

शेडला घराच्या बोर्डावरून वीज देऊ नका. मीटरजवळून वेगळी लाइन घ्या, शेडमध्ये वेगळा डिस्ट्रिब्यूशन बोर्ड (डीबी) बसवा आणि मेन स्विच दाराजवळ, हात पोचेल असा ठेवा. तो आतल्या कोपऱ्यात मशिनच्या मागे असेल, तर गरजेच्या वेळी तिथं कुणी पोचत नाही. दोन एचपीचा सिंगल-फेज कॉम्प्रेसर चालताना दहा अँपिअरच्या आसपास घेतो, पण सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट ओढतो. दिव्याच्या दीड एमएमच्या वायरवर त्याला लावणं म्हणजे भिंतीच्या आत निखारा ठेवणं. मोठ्या सॉकेटला अडीच एमएम, वेल्डिंग आणि कॉम्प्रेसरला चार, लांबी जास्त असेल तर त्याहूनही जाड.

मंजूर भार वाढवायचा अर्ज महावितरणकडे करा. दर वाढेल या भीतीनं लोक घरगुती मीटरवर धंदा चालवतात. मंजूर वापराखेरीज दुसऱ्या कामाला वीज वापरली, तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दरानं आकारणी होते, ही एक बाब. त्याहून मोठी बाब ही की, तुमच्या सर्व्हिस वायरवर खरा भार किती आहे हे कुणालाच माहीत नसतं.

विजेखेरीज शेडमधल्या आणखी काही गोष्टी. कॉम्प्रेसरच्या हवेची लाइन पाण्याच्या पीव्हीसी पाइपची करू नका. तो दाबाखाली फुटतो तेव्हा काचेसारखे तुकडे उडतात. टाकीतलं पाणी रोज संध्याकाळी काढा, नाहीतर तळ आतून गंजतो आणि बाहेरून रंग छान दिसत राहतो. गॅस कटिंग असेल तर ॲसिटिलीनचं सिलिंडर उभंच ठेवा, ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला तेल-ग्रीस लागू देऊ नका. वीज गेली म्हणून जनरेटर शटरच्या आत लावू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आणि झोपायच्या खोलीबद्दल. ३० ऑगस्ट २०२३ ला पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत दुकानातच राहणारं चार जणांचं कुटुंब आगीत गेलं. ३ एप्रिल २०२४ ला पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत खाली शिलाईचं दुकान आणि वर घर होतं, वरचे सात जण धुरानं गुदमरून गेले. १८ मे २०२५ ला सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत कारखान्याच्या आवारातच राहणारं मालकाचं कुटुंब आणि कामगार मिळून आठ जण गेले. आग लागण्याची कारणं वेगवेगळी असतील. पण खाली काम आणि वर किंवा आत संसार असला की धूर जिन्यानं वर येतो, आणि बाहेर पडायची वाट नेमकी त्या धुरातूनच जाते. तुमच्या घराला शेडमधून न जाणारा दुसरा दरवाजा आहे का? नसेल, तर निदान एका खिडकीचा गज आतून उघडता येईल असा करून घ्या. रात्री शेडचा मेन स्विच बंद करून झोपा, स्कूटरची बॅटरी शेडमध्ये रात्रभर चार्जिंगला लावू नका.

घरातल्या सगळ्यांना, आजीला आणि शाळकरी पोरांनासुद्धा, मेन स्विच कुठं आहे ते आज दाखवा. कुणी शॉक लागून चिकटलं तर आधी त्याला हात लावायचा नाही, आधी मेन बंद. मेन सापडला नाही तर कोरड्या लाकडानं वायर दूर करायची. माणूस श्वास घेत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबत राहायचं, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, आणि कुणीतरी १०८ ला फोन लावायचा. त्या वडिलांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

ग्रामपंचायतींना, तरुण मंडळांना, पतसंस्थांना माझी मागणी आहे. एक अर्थ टेस्टर आणि एक मेगर गावानं मिळून घ्यावा. जवळच्या आयटीआयच्या निदेशकाला बोलवावं आणि जून उजाडायच्या आत गावातली प्रत्येक शेड मोजून घ्यावी. मशिनसाठी कर्ज देणाऱ्या पतसंस्थेनं कोटेशनमध्येच आरसीसीबी आणि अर्थिंगचा खर्च धरायला लावावा. मी निवृत्त आहे, आमच्या पंचक्रोशीत मी स्वतः येईन, पैसे घेणार नाही.

आज संध्याकाळी काम संपलं की मेन बंद करा, बॅटरी हातात घ्या आणि प्रत्येक मशिनचा टॉप काढून पाहा. तिसरी पिन आहे का, आणि हिरवी वायर तिला जोडलेली आहे का. नसेल, तर उद्या सकाळी ते मशिन सुरू करू नका.