भिंतीच्या पाठीमागचा वारा

चंदीगडला खेटून असलेल्या मोहालीत, सेक्टर ८१ मध्ये, नॉलेज सिटी वसली आहे. आयसर मोहालीसारख्या संशोधन संस्थांचा हा शेजार. हा सगळा पट्टा हिंजवडी-खराडीसारखाच नव्या बांधकामांचा आहे, आणि नव्या बांधकामाचा चेहरा आता सगळीकडे सारखाच दिसतो: काच, एसीपीचे (ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनेलचे) चकचकीत पत्रे, नाहीतर चिकटवलेल्या दगडी फरश्या. या चेहऱ्यामागे काय आहे, हे मात्र फ्लॅट घेणारा विचारत नाही आणि विकणारा सांगत नाही. चंदीगडच्या भिंतीला मे महिन्यात चाळीस अंशांपलीकडचे ऊन, डिसेंबर-जानेवारीत दाट धुके आणि मधल्या तीन महिन्यांत वर्षभराचा बहुतेक पाऊस सोसावा लागतो. अशा भिंतीची परीक्षा ती किती घट्ट बंद केली यावर होऊ नये. भिजल्यावर ती किती सहज वाळते, यावर व्हावी. आपण नेमके उलटे करतो. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांची सर्वसाधारण सभा आठवा: लीकेजचा विषय निघाला की ‘वॉटरप्रूफिंगची हमी किती वर्षांची’ यावर तासभर खल होतो. आत शिरलेले पाणी बाहेर कुठून पडणार, हे कोणी विचारल्याचे इतिवृत्तात सापडणे कठीण.

कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतले जी. के. गार्डन यांनी १९६३ मध्ये या प्रश्नाची सरळ मांडणी केली होती. भिंतीत पाणी शिरायला तीन गोष्टी लागतात: पाणी, भोक आणि पाण्याला आत ढकलणारा जोर. पाऊस आपल्या हातात नाही. भोके बुजवणे हातात आहे असे वाटते, पण प्रत्येक सांध्यातले सीलंट उन्हाने कडक होते, आकसते, एका बाजूने सुटते. उरतो तो जोर. बाहेरचे आवरण आणि मूळ भिंत यांच्यामध्ये मोकळी पोकळी ठेवून ती बाहेरच्या हवेला जोडली, तर आवरणाच्या दोन्ही बाजूंचा दाब बराचसा सारखा होतो आणि वाऱ्याला पाणी आत रेटता येत नाही. तरीही जे थेंब शिरतात ते आवरणाच्या पाठीवरून ओघळून तळाच्या फटीतून बाहेर पडतात, आणि वरची फट उघडी असेल तर मागून फिरणारा वारा उरलेली ओल नेतो. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, अशी आपली म्हण आहे. पण चिकटवलेल्या फरशीमागच्या बारीक भेगांत ते केशाकर्षणाने खुशाल वर चढते. तिथे पोकळी असेल तर चढायला आधारच मिळत नाही.

हे ज्ञान परदेशी म्हणून बाजूला सारायचे कारण नाही. कोकणात मातीच्या भिंतींना झड लागू नये म्हणून पावसाळ्याआधी विणलेल्या झावळ्यांची झापे बांधत. ती भिंतीला लिंपत नसत. अंतर सोडून बांधत, आणि पाऊस सरला की उतरवत. महाबळेश्वरात बंगल्यांना गवताची आच्छादने घालत, तीही याच हिशेबाने. खुद्द चंदीगडात ल कॉर्बुझिए यांनी उच्च न्यायालयाच्या इमारतीवर छत्रीसारखे दुसरे छप्पर उभारले आणि दोन छपरांमधून वारा वाहता ठेवला. ती योजना मुख्यतः उन्हासाठी होती. शिवाय त्यांचे काँक्रीटचे सूर्यरोधक दिवसभर तापून रात्री उष्णता परत फेकतात, ही टीकाही खरी आहे. पण ऊनपाऊस झेलणारा थर वेगळा आणि आसरा देणारा थर वेगळा, हे तत्त्व तिथे साऱ्या शहराला दिसेल असे उभे आहे.

पोकळी नसली की काय होते, याची किंमत न्यूझीलंडने मोजली आहे. तिथे १९९० च्या दशकात लाकडी सांगाड्यावर थेट बसवलेल्या सलग, गुळगुळीत आवरणांची घरे मोठ्या संख्येने झाली. पाणी शिरले, अडकले आणि सांगाडे आतून कुजले. २००९ च्या एका अंदाजात दुरुस्तीचा खर्च ११ अब्ज न्यूझीलंड डॉलरच्या वर गेला होता. नंतरच्या नियमांनी जोखमीच्या भिंतींत सुमारे २० मिलिमीटरची, तळाशी निचरा असलेली पोकळी आणली. ‘ते लाकूड, आपले वीट-काँक्रीट, ते कुठे कुजते?’ हा आक्षेप अर्धाच बरोबर आहे. काँक्रीट कुजत नाही, पण ओल टिकली की त्यातली सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि वरचा थर फोडून काढतो. विटेला लोणा लागतो, गिलाव्याचे पोपडे सुटतात. आवरणामागे हे सारे झाकलेले असल्याने ते फक्त उशिरा कळते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. जुलैत बाहेरची हवाच दमट असते, तिने भिंत काय वाळणार? मान्य, त्या दिवसांत पोकळीचे काम मुख्यतः निचऱ्याचे. वाळवणीचे काम पावसाच्या उघडिपीत आणि पाऊस संपल्यावर. पण याच दमट हवेमुळे थंड देशांतल्या बांधकामाची आंधळी नक्कलही घातक ठरते. तिथे हिवाळ्यात घरातली वाफ बाहेर जाऊ पाहते, म्हणून वाफ अडवणारा पडदा आतल्या अंगाला लावतात. इथे पावसाळ्यात एसी लावलेल्या खोलीकडे वाफ बाहेरून आत येते. आतल्या भिंतीला विनाइलचा वॉलपेपर असेल तर ती त्याच्या मागे थंड होऊन पाणी बनते आणि काळी बुरशी धरते. घरमालक मग वरच्या मजल्याच्या नळाला दोष देतो.

सर्वांत गंभीर हरकत आगीची. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ माणसे गेली. आग पसरण्याचे मुख्य कारण बाहेरच्या आवरणातल्या पत्र्यांचा पॉलिथिनचा गाभा हे होते, पण आवरणामागच्या पोकळीनेही धुराड्यासारखी साथ दिली. म्हणून पोकळी नकोच, असा निष्कर्ष काढला तर पेटणारा गाभा तसाच राहतो. गाभा न पेटणारा हवा, आणि पोकळीत ठरावीक उंचीवर आगरोधक अडथळे हवेत, जे एरवी हवेला वाट देतात आणि तापताच फुगून ती बंद करतात. याने खर्च वाढतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दगडाचे ड्राय क्लॅडिंग, म्हणजे क्लॅम्पवर टांगलेली फरशी, आपल्या बाजारात कधीचे रुळले आहे. त्यात अंतर आपोआप सुटते. बिघडते ते शेवटच्या दिवशी: काम ‘फिनिश’ दिसावे म्हणून तळाची फट कोणीतरी सीलंटने भरतो, किंवा तिच्यावर बागेची माती चढते. बिल चुकते करण्यापूर्वी ती फट मोकळी आहे, तिला उंदीर-झुरळांसाठी जाळी आहे, हे वास्तुविशारदाने वाकून पाहावे, आणि तसे करारात लिहून घ्यावे.