तटाखालचा सुरुंग

नगरच्या भुईकोट किल्ल्याची हकीकत आपल्याला ठाऊकच आहे. १५९५ च्या अखेरीस शहाजादा मुरादच्या मोगली फौजेने वेढा घातला, तटाखाली सुरुंग पेरले आणि तटाला खिंडार पडले. चांदबिबीने ते रातोरात बुजवून घेतले, म्हणून त्या वेढ्यात किल्ला वाचला. तट आणि सुरुंग यांचा हाच डाव आज शास्त्रज्ञ जंतूंशी खेळत आहेत, आणि त्यात नगरच्या गोठ्यांनाही रस असावयास हवा.

जिल्ह्याला २०२४ साली अहिल्यानगर हे नाव मिळाले. दुधाचा जिल्हा ही ओळख मात्र जुनी. संगमनेर, राहाता, राहुरीकडे संकरित गाईच्या दुधावर घर चालविणारी कुटुंबे पुष्कळ. अशा घरात 'दगडी' हा शब्द निघाला की पोटात गोळा येतो. पुस्तकात याला कासदाह म्हणतात. कास सुजते, दुधात गाठी येतात, कधी एखादा सड कायमचा निकामी होतो. हा रोग अनेक जंतूंमुळे होतो. त्यांतला मोठा हट्टी म्हणजे स्टॅफिलोकोकस ऑरियस. सडात प्रतिजैविकाची नळी सोडावी, तर हा पेशींत दडून बसतो आणि औषधाला सरावतो. शिवाय औषधाचा अंश उतरेपर्यंत दूध डेअरीला घालता येत नाही. दूध ओतून द्यावयाचे, पण पेंड मात्र गाय रोज मागते!

आता गंमत पाहा. जंतूंनाही रोग होतात. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात, असे हॅन्किन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९६ साली नोंदविले होते. पुढे १९१५ साली ट्वॉर्ट याने आणि १९१७ साली देरेल याने जंतूंना खाणारे विषाणू शोधले. असा विषाणू जंतूत शिरतो आणि आतल्या आत आपली पिलावळ वाढवितो. मग बाहेर पडावयाचे कसे? त्यासाठी तो एक विकर, म्हणजे एन्झाइम, तयार करून घेतो. हे विकर जंतूच्या तटाचे टाके उसवते. आत दाब भारी असतो. तट उसवला की जंतू फट्‌कन फुटतो.

हेच विकर बाहेरून लावले तर? अमेरिकेत फिशेटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली उंदरांवर हा प्रयोग केला आणि घशातले जंतू नाहीसे करून दाखविले. विषाणू नको, नुसता त्याचा सुरुंग पुरे! या विकराचे बहुधा दोन भाग असतात: एक तट पकडणारा, दुसरा कापणारा. ते सुटे करून हवे तसे जोडता येतात. बंगळूरच्या गंगाजेन कंपनीने एका विषाणूचा कापणारा भाग घेतला, लायसोस्टॅफिन नावाच्या दुसऱ्या विकराचा पकडणारा भाग त्याला जोडला आणि स्टॅफिलोकोकसवर चालणारे 'पी-१२८' घडविले. अशी विकरे नेमका शत्रू निवडतात. दही लावणाऱ्या जंतूंसारख्या निरुपद्रवी मंडळींना सहसा धक्का लावीत नाहीत.

म्हणून लगेच पेढे वाटू नयेत. ई. कोलायसारख्या जंतूंना तटाबाहेर आणखी एक पडदा असतो, जणू किल्ल्याचा खंदकच. तो ओलांडण्यासाठी विकराला निराळी शेपटी जोडावी लागते. विकर हे प्रथिन असल्यामुळे शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे उभी करू शकते. माणसाच्या रक्तातील संसर्गासाठी तयार केलेल्या एक्सेबाकेस या अशाच औषधाची मोठी चाचणी २०२२ साली थांबवावी लागली. अपेक्षित गुण दिसेना. नळीतला विजय गोठ्यापर्यंत पोचावयास वेळ लागतो.

तोवर आपला तट आपणच राखावा. धार काढण्यापूर्वी हात व सड धुऊन पुसावेत. पहिल्या धारा वेगळ्या भांड्यात तपासाव्यात. आजारी गाय शेवटी पिळावी. धारेनंतर सड जंतुनाशकात बुडवावेत आणि गव्हाणीत चारा टाकून गाईला अर्धा तास उभी ठेवावी, कारण सडाचे तोंड तेवढा वेळ उघडे असते. एवढ्याला फारसा पैसा पडत नाही, आणि नव्या औषधाचा शोध लागला तरी यातले काहीच सुटणार नाही.