विश्लेषण : मोबाइलवरचा 'आयडॉल' रिदम गेम सुरू करावा का? गाणी मोफत, मग पैसे कशाचे?

पडद्याच्या वरच्या टोकाकडून ठेक्यावर पट्ट्या खाली सरकत येतात. तळाच्या रेषेला त्या टेकल्या की नेमक्या त्याच क्षणी बोट टेकवायचे. लांब पट्टी असेल तर दाबून धरायचे, बाण असेल तर बोटाने झटका द्यायचा. मागे ॲनिमेटेड गायिका नाचत असतात. दोन मिनिटांत गाणे संपते, गुण मिळतात. वरवर पाहता 'आयडॉल रिदम गेम' म्हणजे इतकेच. डाउनलोड मोफत, गाणीही बहुतेक मोफत. त्यामुळे ॲनिमे किंवा के-पॉपच्या नादी लागलेल्या मित्रमैत्रिणींनी 'तूही सुरू कर ना' म्हटले की नकार द्यायला कारण सापडत नाही. पण गाणे संपल्यावर जे दुकान उघडते, त्याचे व्यवहार आधी समजून घेतलेले बरे.

हे गेम आले कुठून?

जपानमध्ये 'आयडॉल' म्हणजे नुसती गायिका नव्हे. गाणे, नाच, चाहत्यांशी हस्तांदोलनाचे कार्यक्रम आणि एका नवख्या मुलीला घडताना पाहण्याचे समाधान, हा सगळा व्यवहार त्या एका शब्दात येतो. २००५ मध्ये नामको कंपनीच्या 'द आयडॉलमास्टर' या आर्केड गेमने ही कल्पना खेळात आणली. मोबाइलवर तिला आजचे रूप मिळाले ते २०१३ मध्ये जपानमध्ये आलेल्या 'लव्ह लाइव्ह! स्कूल आयडॉल फेस्टिव्हल'मुळे. बंद पडायला आलेली शाळा वाचवण्यासाठी विद्यार्थिनी आयडॉल होतात, ही त्या मालिकेची मूळ कथा. पुढे २०१५ मध्ये 'सिंड्रेला गर्ल्स : स्टारलाइट स्टेज' आणि २०१७ मध्ये 'बँग ड्रीम! गर्ल्स बँड पार्टी' आले.

सध्या नव्या खेळाडूंच्या तोंडी सर्वाधिक येणारे नाव 'प्रोजेक्ट सेकाई'चे. सप्टेंबर २०२० मध्ये ते जपानमध्ये आणि डिसेंबर २०२१ मध्ये इंग्रजीत आले. हिरव्या-निळ्या लांब वेण्यांची हात्सुने मिकू त्यात आहे. ती मुळात २००७ मध्ये बाजारात आलेल्या गायन-सॉफ्टवेअरचा चेहरा आहे, कुणी खरी गायिका नव्हे. मुलग्यांचे आयडॉल हवे असतील तर 'एन्सेम्बल स्टार्स!! म्युझिक' आहे आणि के-पॉपच्या चाहत्यांना 'सुपरस्टार बीटीएस' (२०१८) किंवा 'रिदम हाइव्ह' (२०२१) ही नावे परिचित असतील. देश आणि गाणी बदलली तरी सांगाडा एकच : ताल, कार्डे आणि सोडत.

'गाचा' म्हणजे काय?

जपानी दुकानांबाहेर प्लास्टिकच्या गोळ्यांतून खेळणी देणारी यंत्रे असतात. नाणे टाकायचे, मूठ फिरवायची. 'गाचा' हा मूठ फिरल्याचा आवाज, 'पोन' हा गोळा खाली पडल्याचा. आत कोणते खेळणे आहे ते फोडल्यावरच कळते. गेममधली सोडत हीच. फरक इतकाच, की खेळण्याऐवजी गायिकेचे चित्र असलेले कार्ड निघते आणि कार्डांची दोन तारे, तीन तारे, चार तारे अशी उतरंड असते.

आपल्याकडे च्युइंगमबरोबर क्रिकेटपटूंची कार्डे मिळत, त्याची आठवण अनेकांना होईल. पण ती कार्डे खिशात राहत. सचिन दोनदा निघाला तर एक देऊन दुसऱ्याकडून हवे ते घेता येई. गाचातले कार्ड कुणाला देता येत नाही, बदलता येत नाही आणि अधिकृतपणे विकताही येत नाही. ते कंपनीच्या सर्व्हरवर राहते.

शिवाय सोडत थेट रुपयांत होत नाही. आधी रुपये देऊन 'क्रिस्टल' घ्यायचे, मग क्रिस्टल देऊन सोडत. 'प्रोजेक्ट सेकाई'त एका वेळेला ३०० क्रिस्टल, एकत्र दहा वेळांना ३,०००. गाणी खेळून, रोज हजेरी लावून, गोष्टी वाचून हेच क्रिस्टल मोफतही मिळतात. मोफतचे आणि विकतचे एकाच ढिगात दिसू लागले की आपण नेमके किती रुपये उधळले याचा हिशेब राहत नाही. ही रचना अपघाताने झालेली नाही.

तीन टक्के म्हणजे किती?

या गेममध्ये चार ताऱ्यांचे कार्ड निघण्याची शक्यता साधारण तीन टक्क्यांच्या आसपास असते. ऐकणाऱ्याच्या मनात लगेच त्रैराशिक मांडले जाते : शंभरात तीन, म्हणजे तेहतीस सोडतींत एक मिळणारच. इथेच गफलत होते. प्रत्येक सोडत स्वतंत्र असते. आधीच्या बत्तीस फुकट गेल्या हे यंत्राच्या लक्षात नसते. तेहतीस सोडतींनंतरही एकही चार ताऱ्यांचे कार्ड न मिळण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के उरते. दहा सोडतींत तर ७४ टक्के वेळा हात रिकामाच राहतो. 'किमान एक तीन ताऱ्यांचे नक्की' असे आश्वासन असते, त्यावर समाधान मानायचे.

हे झाले कुठल्याही चार ताऱ्यांच्या कार्डाबद्दल. पण लोक पैसे घालतात ते एका ठरावीक कार्डासाठी. आवडती गायिका, नववर्षाचा किमोनो, मुदत दहा-बारा दिवस. अशा एकाच कार्डाचा दर ०.५ टक्के धरला तर १०० सोडतींत ते मिळण्याची शक्यता ३९ टक्के, २०० सोडतींत ६३ टक्के आणि ३०० सोडतींत ७८ टक्के. म्हणजे तीनशे वेळा मूठ फिरवूनही पाचातला एक जण कोराच राहतो. त्याच्यासाठी बहुतेक गेममध्ये आता 'छत' असते. ठरावीक संख्येने सोडती झाल्या की हवे ते कार्ड बदल्यात घेता येते. हे छत किती सोडतींवर आहे आणि मुदत संपल्यावर जमलेली तिकिटे पुढे चालतात की बाद होतात, एवढ्या दोन गोष्टी डाउनलोड करण्याआधी पाहिल्या तरी त्या गेमची नियत बरीचशी कळते.

दर जाहीर करणे आता कंपन्यांना टाळता येत नाही. ॲपलने डिसेंबर २०१७ पासून आणि गूगल प्लेने २०१९ पासून ते बंधनकारक केले. सोडतीच्या पडद्यावर कोपऱ्यातल्या 'डिटेल्स'मध्ये ते सापडतात. बारीक अक्षरांत, पण सापडतात.

जपानमध्ये यावर बंधने नाहीत का?

आहेत, आणि ती अनुभवातून आली. पूर्वी तिथे 'कॉम्प्लीट गाचा' हा प्रकार होता : सोडतीतून ठरलेली सगळी कार्डे जमवली की मोठे बक्षीस. शेवटच्या एका कार्डासाठी लोक पैसे ओतत राहत. मे २०१२ मध्ये जपानच्या ग्राहक व्यवहार संस्थेने तो प्रकार ग्राहक कायद्याखाली बेकायदा ठरवला आणि कंपन्यांना तो गुंडाळावा लागला. साधा गाचा मात्र चालू राहिला. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे घेऊन होणाऱ्या अशा सोडतींना जुगारच मानले. त्यानंतर निन्टेन्डोने आपले दोन मोबाइल गेम तिथून काढून घेतले.

भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयी कायदा केला. त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. गाचातल्या कार्डाचे पैसे होत नाहीत, त्यामुळे रमी किंवा फँटसी क्रिकेटच्या पंक्तीत तो सहज बसत नाही. पण आयडॉल गेममध्ये कुणी महिन्याला किती खर्च करावा, याची मर्यादा हा कायदा घालून देत नाही. ती घरातच ठरवावी लागते.

कार्डाशिवाय खेळता येत नाही का?

येते, आणि या प्रकाराची खरी जमेची बाजू हीच. 'प्रोजेक्ट सेकाई'त चार ताऱ्यांचे एकही कार्ड नसलेला खेळाडू अतिशय अवघड 'मास्टर' पातळीवरचे गाणे एकही चूक न करता पूर्ण करू शकतो. बोटांचे कौशल्य विकत मिळत नाही. कार्डांमुळे गुण वाढतात, दर काही दिवसांनी होणाऱ्या 'इव्हेंट'मधली क्रमवारी सुधारते. क्रमवारीचा मोह नसेल तर कार्डे म्हणजे चित्रांचा अल्बम. त्यामुळे 'मला गाणी वाजवायची आहेत' म्हणणाऱ्याला हे गेम शून्य रुपयांत वर्षानुवर्षे पुरतात. 'मला अमुक गायिका हवीच' म्हणणाऱ्याला ते महाग पडतात. सुरू करण्याआधी आपण यातले कोण, हे ज्याचे त्याने प्रामाणिकपणे ओळखावे.

वेळेचा हिशेब मात्र दोघांनाही चुकत नाही. 'प्रोजेक्ट सेकाई'त बक्षिसे वाढवणारे 'बूस्ट' दर अर्ध्या तासाला एक भरते, दहापर्यंत साठते. दहा भरले की पुढचे वाया जाते, म्हणून पाच तासांनी पुन्हा गेम उघडावासा वाटतो. बूस्ट शून्य असतानाही गाणे वाजवता येते, हे नव्या खेळाडूला बऱ्याचदा माहीतच नसते. दहावी-बारावीच्या वर्षात, निदान परीक्षेच्या तोंडावर, हजेरीची ही साखळी अंगाला लावून न घेतलेली बरी.

गेम बंद पडला तर?

'लव्ह लाइव्ह! स्कूल आयडॉल फेस्टिव्हल' जवळपास दहा वर्षे चालून ३१ मार्च २०२३ रोजी बंद झाला. त्याच मालिकेचा 'ऑल स्टार्स' जून २०२३ अखेर गेला. पहिल्याचा वारस म्हणून 'फेस्टिव्हल २' जपानमध्ये एप्रिल २०२३ मध्ये आला. तो वर्षभरच टिकला. जागतिक आवृत्तीचे प्रकरण तर अजब. जानेवारी २०२४ मध्ये ती फेब्रुवारीत येणार अशी घोषणा झाली आणि त्याच घोषणेत ती ३१ मे रोजी बंद होणार असेही सांगितले गेले. बारसे आणि तेरावे एकाच पत्रिकेत! चाहत्यांनी आधी हसून घेतले, मग खेळायलाही गेले.

बंद होताना जपानमध्ये पैसे देऊन घेतलेले पण न वापरलेले क्रिस्टल तिथल्या पेमेंट कायद्यामुळे सामान्यतः परत मिळतात. वापरलेले गेले ते गेलेच. त्यातून मिळालेली कार्डेही गेली. म्हणून या खर्चाकडे वस्तूची किंमत म्हणून पाहू नये. नाटकाच्या तिकिटासारखा तो आहे. तिकिटावर खर्च करायला हरकत नाही, पण प्रयोगानंतर खुर्ची घरी नेता येत नाही.

फोन चालेल का?

साधा अँड्रॉइड चालतो, पण काही जीबी जागा लागते आणि नव्या गाण्यांबरोबर ती वाढत जाते. खरी अडचण ब्लूटूथची. अशा इअरफोनमध्ये आवाज शंभर ते तीनशे मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि 'परफेक्ट' मिळण्याची फट मात्र काही दशक मिलिसेकंदांचीच असते. सेटिंगमध्ये टायमिंग जुळवता येते, तरी तारेचा स्वस्त इअरफोन महागड्या बड्सपेक्षा इथे सरस ठरतो. बहुतेक जपानी आवृत्त्या भारतीय प्ले स्टोअरवर दिसत नाहीत. त्यासाठी कुठल्याही साइटवरून एपीके उतरवून घेण्याच्या फंदात पडू नये.

मग सुरू करावा का?

गाणी आवडत असतील तर जरूर, पण पहिल्या महिन्यात एकही रुपया न घालता. तेवढ्या काळात हौस खरी आहे की नवलाई होती ते कळते आणि सुरुवातीला मोफत क्रिस्टलचा पाऊस असल्याने काही अडतही नाही. त्यानंतर खर्च करायचाच असेल तर रक्कम आधी ठरवावी आणि सोडतीपेक्षा मासिक पासला प्राधान्य द्यावे. त्यात काय मिळणार हे आधी माहीत असते. तालाचीच ओढ असेल आणि सोडत अजिबात नको असेल तर 'सायटस', 'डीमो', 'आर्केआ' यांसारखे गेम आहेत. तिथे गाण्यांचे संच सरळ विकत मिळतात. 'आता एकदाच' म्हणत हरलेले भरून काढण्याची सवय ज्याला स्वतःत दिसते, त्याने याच वाटेने जावे.

मूल आई-वडिलांच्या फोनवर खेळत असेल तर यूपीआयचा पिन ही एकमेव कडी पुरेशी नाही. प्ले स्टोअरमध्ये साठवलेले कार्ड, शिल्लक रक्कम आणि रिचार्ज ॲपवरून घेतलेले रिडीम कोड या वाटा मोकळ्याच राहतात. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा सक्तीचा करता येतो. आयफोनवर 'स्क्रीन टाइम'मधून गेममधली खरेदीच बंद करता येते. चुकून खरेदी झालीच तर गूगलकडे परताव्याची विनंती ४८ तासांच्या आत करावी. नंतर गेमच्या कंपनीचे दार ठोठवावे लागते.

सुरू केल्यावर पहिल्याच दिवशी खाते गूगल किंवा ॲपल आयडीला जोडून ठेवावे, नाहीतर फोन बदलला की सगळे पुसले जाते. आणि एक फायदा इंग्रजी आवृत्तीच्या खेळाडूंना आहे : 'प्रोजेक्ट सेकाई'चे इंग्रजी वेळापत्रक जपानी आवृत्तीच्या साधारण वर्षभर मागे चालते. कोणते कार्ड कधी येणार हे त्यामुळे बरेचसे आधीच दिसते, आणि आवडत्या गायिकेची पाळी येईपर्यंत मोफतचे क्रिस्टल साठवून ठेवता येतात.