दाब चहूबाजूंनी सारखा नसतो!



‘अणुसंलयन: फक्त तापवायचाच प्रश्न’ हे वाचकपत्र वाचले. प्लाझ्माचा, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायूचा, दाब चहूबाजूंनी सारखाच असतो, असे पत्रलेखक धरून चालतात. तिथेच गफलत आहे.

टोकामॅकमध्ये, म्हणजे प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्रात कोंडणाऱ्या कड्याच्या आकाराच्या यंत्रात, कण चुंबकीय बलरेषेभोवती गिरक्या घेत रेषेच्या दिशेने धावतात. म्हणून रेषेच्या दिशेचा दाब वेगळा, आडवा दाब वेगळा. कोटी-कोटी अंश तापमानाला कणांच्या टकरी इतक्या विरळ, की हा फरक लवकर मिटत नाही. त्यात उष्णता देण्याची रीतही पक्षपाती! आयनांच्या गिरक्यांशी जुळणाऱ्या रेडिओलहरी आडवा दाब वाढवतात. रेषेच्या दिशेने सोडलेला वेगवान अणूंचा झोत रेषेच्या दिशेचा दाब वाढवतो. हा रेषेच्या दिशेचा दाब बेसुमार वाढला, तर मोटार सुरू होताच शेतातला मोकळा पाइप फटके मारतो तशा बलरेषा वळवळू लागतात. टोकामॅकचे चुंबकीय क्षेत्र जबर, त्यामुळे तिथे ही पाळी सहसा येत नाही. तरी प्लाझ्माचा समतोल सरकतो, स्थैर्याची गणिते बदलतात. तेव्हा ‘फक्त’ हा शब्द पत्रलेखकांनी मागे घ्यावा.

‘वाशिमकरांना याचे काय?’ हा त्यांचा टोमणाही पटला नाही. 1989 पासून ‘आदित्य’ टोकामॅक चालवणारी गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील ‘लायगो-इंडिया’ या गुरुत्वीय लहरी वेधशाळेच्या प्रकल्पातही भागीदार आहे. आपल्या महाविद्यालयांनी त्या संस्थेतील संशोधकांना व्याख्यानाला जरूर बोलवावे.

— एक विज्ञान शिक्षक, रिसोड (जि. वाशिम)